खोली नातीला, ‘लूट’ लेकाला

मी, तुळसा धर्मा गमरे, राहणार लालबाग, मुंबई, वय आधार कार्डाच्या म्हणण्याप्रमाणे एकोणऐंशी आणि गुडघ्यांच्या म्हणण्याप्रमाणे शंभराच्या पुढे, पूर्वीचा धंदा खानावळ, हल्लीचा धंदा लोकांना न आवडणारं बोलणं, आज कोणाच्याही दबावाखाली न येता व कोणतीही नशा न करता (तंबाखू धरू नये) हे माझं मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षर येत नाही. ऐकू चांगलं येतं. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी वार विचारला, मी मंगळवार सांगितला. मग म्हणाले, “आजी, काही त्रास?” मी म्हटलं, “आहे. पंचावन्न वर्षांचा आहे, माझ्यावर नजर ठेवून खाली गाडीत बसलाय.” त्यांनी ते दाखल्यात घेतलं नाही, म्हणून इथे घेते.

लिहिणार वकील अपूर्वा तळेकर. मी बोलेन तसंच लिहायचं, अशी माझी अट आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलेलं कोणी दाखवलं तर तो कागद त्याच्याच तोंडात कोंबावा. वकीलबाई म्हणतात, “आजी, ‘रद्द समजावा’ असं लिहू.” तर आधी रद्द समजावा, मग कोंबावा.

१. माझी माणसं. माझे पती धर्मा गिरणीत साचेवाले होते. संपाच्या वर्षी गेटाबाहेर भाडोत्री गुंडांनी त्यांना भोसकलं. मुलगी रश्मी वडाळ्याला सासरी जळून मेली. तिची मुलगी संघमित्रा तेव्हा पाळण्यात होती, ती मी वाढवली. मुलगा जगदीश जिवंत आहे. त्याची बायको प्रितीही अजून जिवंत आहे, यात जगदीशचं काही श्रेय नाही. ‘वारले’ हा सभ्य शब्द आमच्या घरात फारसा कामाला आलेला नाही.

वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायला नको, म्हणून आत्ताच सांगते. माझ्या मागे खोली संघमित्राची. ती अविवाहित आहे, तिला दुसरं छप्पर नाही, आणि माझी राख थंड होण्याआधी जगदीश तिला केसाला धरून बाहेर काढणार, हे मला माझ्या पोटच्या गोळ्याबद्दल पक्कं ठाऊक आहे. हा सगळा कागद तेवढ्यासाठी आहे.

२. माहेराबद्दल. चाळीत नवी सून आली की आम्ही नळावर पहिला प्रश्न विचारायचो, “माहेर कुठलं गं?” त्यावरून तिची भाकरी जाड की पातळ, ती रडणारी की भांडणारी, सगळं कळायचं. संघमित्रा दादरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. संध्याकाळी चहाला ती एक इंग्रजी शब्द आणते, कोळणीकडून ताजं म्हावरं आणावं तसा. मी विचारते, “हिचं माहेर?” कोणी लॅटिनकडची निघते, कोणी अरबांकडची, कोणी होडीतून दरोडे घालायला आलेल्या उत्तरेकडच्या दांडग्यांबरोबर आलेली, तर एखादी आपल्या डोंगरीची. खरंच. जाडंभरडं कापड, ज्याच्या विजारीला इंग्रज ‘डंगरी’ म्हणतो, ते नाव आपल्या डोंगरीवरून गेलं. इंग्रजी म्हणजे एक अवाढव्य सासर आहे. शंभर गावच्या सुना, त्यातल्या थोड्या मागणी घालून आणलेल्या, बाकीच्या पळवलेल्या. तिथे मार खाऊन खाऊन त्यांचे चेहरे बदलले, पण नीट बघितलं की माहेरची ठेवण दिसते. ती दिसली की मला जो आनंद होतो, तसा आनंद मला लग्नात झाला नव्हता.

३. खोली. जुनी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीतली सतराव्या मजल्यावरची सदनिका माझ्या एकटीच्या नावावर आहे. जुन्या खोलीची भाडेपावतीही माझ्याच नावाची होती, कारण ती खोली मी खानावळीवर घेतली. धर्माला हे सलायचं. पिऊन आले की कमरेचा पट्टा काढायचे. “घर कोणाचं?” एक फटका. “माझं.” पुन्हा फटका. “कोणाचं?” “माझं.” आमची ही प्रश्नोत्तरं अख्ख्या मजल्याला पाठ होती, पण एकही दार उघडत नसे. एकदा मी मिरची वाटत असताना ते मागून आले आणि पट्टा माझ्या मानेवर बसला. माझ्या हातात वरवंटा होता. त्यांचं मनगट सुकं लाकूड मोडावं तसं वाजलं. माझ्या ओरडण्याला न उघडलेली दारं त्यांच्या ओरडण्याला मात्र धडाधड उघडली. मनगट जुळलं, पण पट्टा धरण्यापुरतं जुळलं नाही. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही, आजही वाटत नाही.

परवा संघमित्राने ‘हजबंड’ आणला. माहेर उत्तरेकडच्या दरोडेखोरांचं. मूळ अर्थ, ज्याचं घर आहे तो.

“म्हणजे आपला घरधनीच की गं!”

“अगदी तोच, आजी.”

“मग भाडेपावती काढून बघ. आमच्या खोलीत हजबंड मी होते.”

ती इतकी हसली की चहा तिच्या नाकातून आला.

सबब, सदर सदनिका आतल्या सर्व वस्तूंसह (कलम ८ मधील वस्तू सोडून) मी माझी नात संघमित्रा हिला पूर्ण मालकी हक्काने देते. तिने ती विकावी, ठेवावी, भाड्याने द्यावी किंवा आत पुस्तकं भरून दाराबाहेर झोपावं. जगदीशचा किंवा त्याच्यातर्फे कोणाचाही त्या सदनिकेवर हक्क नाही.

४. जबरदस्तीच्या अंगठ्याबद्दल. गेल्या महिन्यात संघमित्रा कॉलेजात असताना जगदीश एक स्टॅम्पपेपर घेऊन आला.

“आई, अंगठा कर.”

“कशावर?”

“सोसायटीचा कागद आहे. साधाच.”

“मग वाचून दाखव.”

“तुला काय घंटा कळणार त्यातलं?”

“नाही कळलं तर तुझं काय जातं? वाच.”

त्याने वाचलं नाही. माझा डावा हात धरला, अंगठा पिरगळला आणि शाईत दाबला. माझ्या तोंडात चार दात उरलेत. चारही मी त्याच्या मनगटात रोवले. माझा अंगठा कागदावर उठला आणि शेजारी त्याचं रक्त सांडलं. त्याने मला भिंतीवर फेकलं. डोकं कपाटावर आपटलं, तिथे अजून टेंगूळ आहे, वकीलबाईंनी हात लावून पाहिलं आहे. तो कागद बक्षीसपत्राचा होता, असं मागाहून कळलं. खोली मी त्याला राजीखुशीने बक्षीस दिली म्हणे.

त्या रात्री अंगठा वांग्याएवढा झाला होता. बर्फ लावताना संघमित्रा म्हणाली की इंग्रजीत अंगठ्याला ‘थंब’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या अगदी मुळाशी सुजणं आहे. मी म्हटलं, ज्याने तो शब्द घडवला त्यालाही जगदीशसारखा मुलगा असणार.

तरी मी जाहीर करते की सदर बक्षीसपत्रावरचा अंगठा माझ्या मर्जीचा नाही. त्याची तक्रार पोलिसांत दिलेली आहे. तो कागद कुठेही दाखवला तर त्यावरचा दुसरा डाग कोणाच्या रक्ताचा आहे, ते आधी तपासावं.

५. जगदीशला. त्याला अगदीच रिकाम्या हाताने पाठवलं असं होऊ नये, म्हणून मी त्याला दोन शब्द देते.

पहिला ‘लूट’. हा आपला शब्द. साहेबाने इथली घरं धुवून नेली आणि जाताना त्या कामाचं नावही उचलून नेलं. आज त्यांच्या कोशात ‘लूट’ थाटात बसली आहे. जगदीशने तिच्याकडून शिकावं. तिने निदान माहेरचं नाव तरी सोडलं नाही.

दुसरा ‘मसल’. तो व्यायामशाळेत जायचा तेव्हापासून भिंतीवरच्या आरशात दंडातली बेडकुळी बघत आला आहे. ‘मसल’चं माहेर लॅटिन, अर्थ उंदराचं पिल्लू. त्यांना दंडात उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. दोघांपैकी वाघ कोणालाच दिसला नाही, हे त्याने लक्षात ठेवावं.

त्या दिवशी चावा खाल्ल्यावर त्याने माझ्यावरचा राग संघमित्राच्या शब्दकोशावर काढला. “या पुस्तकांनी म्हातारीचं डोकं फिरवलंय” असं म्हणत तो चार किलोंचा ठोकळा खिडकीतून खाली भिरकावला. खिडकीला ‘विंडो’ म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा डोळा. त्या दिवशी त्या डोळ्यातून धोंडा गेला. खाली वॉचमनच्या केबिनचं पत्र्याचं छप्पर फाटलं. वॉचमन हितेंद्र घाग कोश उराशी धरून वर आला, चेहरा पांढराफटक.

“आजी, हा डोक्यात पडला असता तर मी जागेवर खलास झालो असतो.”

मी म्हटलं, “बाबा, निदान कोणत्या पानाने मेलास ते संघमित्राने शोधून दिलं असतं.”

हितेंद्र हसला. म्हणाला, पोलीस विचारायला आले तर सगळं सांगेन. छप्पर माझ्या साठवलेल्या पैशांतून नीट करून द्यावं.

६. एक शब्द मी कोणालाच देत नाही. माझे वडील धोंडू गावी रत्नागिरीकडे डफडं वाजवायचे. देवाची पालखी असो की गुराचं मढं, पुढे डफडं आमचंच. बाबासाहेबांनी धम्म दिला त्यानंतरच्या शिमग्यात वडिलांनी सांगितलं, आता वाजवणार नाही. गावाने त्यांना पारावर बांधलं आणि डफड्याच्याच काठ्यांनी बोटांवर मारलं. मी आईच्या पदराआड उभी होते. वडील ओरडले नाहीत, म्हणून मारणाऱ्यांना जोर चढला. बोटांची हाडं कातडीतून वर आली तेव्हा ते थांबले. आम्ही बोटीने मुंबईला आलो. त्या बोटांनी त्यांना पुढे तंबाखूसुद्धा मळता आली नाही, आई मळून द्यायची.

संघमित्राने एक दिवस शब्द आणला, पण सांगेना. मी खोदून विचारलं. ‘परिया’. साहेबाच्या भाषेत वाळीत टाकलेला, कुत्र्याच्या मोलाचा माणूस. माहेर तमिळ मुलखातलं. तिथली जी माणसं ‘परई’ वाजवायची, त्यांच्या जातीचं ते नाव. आणि परई म्हणजे डफडं. मी चहा खाली ठेवला. साहेब सातासमुद्रापलीकडून आला आणि त्यालाही शिवी करायला नेमका डफडंवाल्याचाच शब्द मिळाला.

हा शब्द माझ्याबरोबर भोईवाड्याच्या स्मशानात जळू दे. कोशातून जाणार नाही, मला माहीत आहे. माझ्या घरातून तरी जावा.

७. रश्मीबद्दल. पंचनाम्यात लिहिलं होतं ‘अ‍ॅक्सिडेंट’. त्याचा अर्थ, अंगावर येऊन पडलेलं. रॉकेल आपण होऊन कोणाच्या अंगावर पडत नाही. स्टोव्हवर दुधाची तपेली होती, दूध उतू न जाता तसंच होतं, आणि माझी मुलगी कोळसा झाली होती. शेजारपाजारच्यांनी किंकाळ्या ऐकल्या. साक्षीला कोणी आलं नाही. एक बाई जिन्यात मला म्हणाली, “मावशी, आम्हाला इथेच राहायचंय.” जावई सुटला.

तिच्या पोरीला मी ‘मुंगूस’ देते. हा शब्द आपल्या मराठीतून थेट इंग्रजीत गेला. त्यांच्याकडे ते जनावर नव्हतं, त्यामुळे नावही नव्हतं, आणि चेहरामोहरा फारसा न बदलता तो तिकडे नांदतो आहे. संघमित्रा, मुंगसाला सापाचं विष बाधत नाही असं लोक म्हणतात. ते अर्धवट आहे. ते चपळ असतं, पहिला दंश चुकवतं आणि मान धरतं. तू चहाच्या वेळी फार हसतेस, ते चालेल. पण मान धरायला शीक.

८. खानावळीचं सामान. पितळेची परात, दोन टोप, काटवट, पाटा आणि कलम ३ मधला वरवंटा, तसंच माझ्या कानातल्या सोन्याच्या कुड्या, हे सर्व मी माझी सून प्रिती हिला देते. ‘लेडी’ शब्दाचं माहेर इंग्रजांचं स्वतःचंच आहे. अर्थ, भाकरीचं पीठ मळणारी. आणि ‘लॉर्ड’ म्हणजे भाकरीची राखण करत बसणारा. मी गिरणीच्या तीन पाळ्यांच्या माणसांना भाकऱ्या घातल्या, प्रितीने जगदीशला बावीस वर्षं घातल्या आणि प्रत्येक जेवणानंतर मार खाल्ला. या घरात लेड्या दोन झाल्या. लॉर्ड नुसते राखण करत बसले. वरवंटा कसा धरायचा, ते तिला तोंडी सांगितलं आहे.

(हे कलम रद्द. कारण कलम १० मध्ये.)

९. मातीबद्दल. सगळं बौद्ध पद्धतीने, त्रिसरण पंचशील म्हणून. लालबागच्या नाक्यावर माझा फोटो लावून ‘शोकाकुल जगदीशभाई’ असा फ्लेक्स लावायचा नाही. लावला तर हितेंद्रने काढावा. जगदीशने खांदा द्यावा, त्याला कोणी अडवू नये. डोक्याकडचा देऊ नये, मला तोंड त्याच्या बाजूला नको.

१०. साक्षीदारांबद्दल. मृत्युपत्राला इंग्रजीत ‘टेस्टामेंट’ म्हणतात. त्याच्या मुळाशी साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराच्याही मुळाशी, संघमित्रा सांगते, तिसरा उभा असलेला माणूस. दोघांच्या भांडणात बाजूला उभं राहून पाहणारा. म्हणजे आपला तिऱ्हाईत. हे ऐकून मला हसू आलं नाही. पारावर मारणारे होते आणि मार खाणारे होते. चाळीत, गिरणीच्या गेटावर, वडाळ्याला, सगळीकडे हे दोघेच. तिसरा कायम दाराआड.

या कागदाला कायद्याने दोन तिऱ्हाईत लागतात. एक हितेंद्र. दुसऱ्या समोरच्या सुभद्राबाई ठरल्या होत्या. पण काल जगदीश इमारतीत फिरून सांगून गेला, “म्हातारीच्या कागदावर जो सही करेल, त्याचा हात मोडीन.” आज सुभद्राबाईंनी दार अर्धवट उघडलं. म्हणाल्या, “तुळसाबाई, माझं वय झालं हो.” त्या माझ्याहून लहान आहेत. वकीलबाई स्वतः साक्षीला उभ्या राहिल्या तर उद्या कोर्टात माझ्या बाजूने भांडायला वकील उरणार नाही, असं त्या म्हणतात. संघमित्राला खोली मिळणार, म्हणून तिला मी मुद्दाम कॉलेजात धाडलं आहे. म्हणजे एका सहीवाचून हा कागद रद्दी होणार आणि पोरगी रस्त्यावर येणार, अशी वेळ आली.

तेव्हा बेल वाजली. प्रिती आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. परवा रात्री जगदीशने दाराच्या फटीत घालून मोडला, कारण मी हा कागद करते आहे हे तिने त्याला आधी सांगितलं नव्हतं. आमचं बोलणं झालं ते वकीलबाईंनी जसंच्या तसं घेतलं आहे.

“आई, कोण उरलंय?”

“कोणी नाही.”

“मी करते सही.”

वकीलबाई म्हणाल्या, “तुम्हाला यात वस्तू दिल्या आहेत. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष उद्या कमजोर पडेल.”

“मग काढा माझं नाव. मला काही नको.”

मी म्हटलं, “प्रिती, कुड्या सोन्याच्या आहेत गं.”

“असू देत.”

“तो घरी गेल्यावर तुला...”

“आई, सही करेल त्याचा हात मोडणार म्हणाला ना? माझा मोडून झालाय. आता मलाच घाबरायला काही शिल्लक नाही. आणि मी घरी जाणार नाहीये. बॅग खाली हितेंद्रदादाकडे ठेवलीय.”

मी तिचं प्लास्टर हाताने चाचपून पाहिलं. वकीलबाईंनी विचारलं, “आजी, लिहायचं थांबू का?” मी म्हटलं, नको, हेही लिहा.

सबब, कलम ८ रद्द. त्यातील सर्व वस्तूही संघमित्राकडे जातील. प्रितीने वरवंटा तिच्याकडून लागेल तेव्हा मागून न्यावा. मागून नेलेल्या वस्तूवर वारसा लागत नाही. प्रिती कुठे राहील हे मी या कागदात लिहू शकत नाही, नाहीतर ती पुन्हा या कागदातून घेणारी होईल आणि तिची साक्ष कमजोर पडेल. संघमित्राला माणसांची पारख आहे.

व्यवस्थापक म्हणून वकील अपूर्वा तळेकर यांना नेमते.

वरील सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी हसले, एका ठिकाणी थांबायला सांगितलं. सगळा माझाच आहे. तो बरोबर असल्याची खूण म्हणून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत, कोणीही हात न धरता मी अंगठा करते.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा
तुळसा धर्मा गमरे

साक्षीदार पहिला: हितेंद्र रामा घाग, वॉचमन. आजींनी माझ्यासमोर अंगठा केला.
(सही)

साक्षीदार दुसरी: प्रिती जगदीश गमरे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे डाव्या हाताने सही केली आहे. आईंनी माझ्यासमोर अंगठा केला, मी पाहिला. कोर्टात बोलावलं तर येईन आणि हेच सांगेन. हात कोणी मोडला, तेही सांगेन.
(सही)

ठिकाण: लालबाग, मुंबई
दिनांक: ९ डिसेंबर २०२५